‘कोल्हापुरी बंधारा’ यातलं ‘कोल्हापुरी’ नेमकं काय सांगतं?

जालना जिल्ह्यातल्या एका तरुणानं प्रश्न विचारला आहे. गावच्या बंधाऱ्याच्या दुरुस्तीचा प्रस्ताव लिहायचं काम ग्रामपंचायतीनं त्याच्याकडं दिलंय. जुन्या कागदांवर ‘को.प. बंधारा’ असं आहे, गावातली म्हातारी माणसं ‘केटी’ म्हणतात आणि बाकी सगळे ‘कोल्हापुरी बंधारा’. कोल्हापूरच्या ठेकेदारानं बांधला म्हणून हे नाव पडलं असेल का, प्रस्तावात यातलं कोणतं नाव लिहावं आणि ‘कोल्हापूरी’ बरोबर की ‘कोल्हापुरी’, असे त्याचे तीन प्रश्न आहेत.

माझी नोकरी कोल्हापुरात पाटबंधाऱ्याच्या कामावर गेली. भोगावती आणि पंचगंगेच्या काठानं बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालणं, काढणं, दुरुस्तीची अंदाजपत्रकं करणं हेच वर्षानुवर्षं केलं. त्यामुळं उत्तर जरा सविस्तर देतो. हा शब्द नीट कळला तर प्रस्तावात काय मागायचं तेही कळतं.

आधी ठेकेदाराची शंका काढून टाकू. तुमचा बंधारा कुणी बांधला याच्याशी या नावाचा काहीही संबंध नाही. ‘को.प.’ म्हणजे ‘कोल्हापूर पद्धतीचा’, आणि ‘केटी’ म्हणजे ‘कोल्हापूर टाईप’. इंग्रजी नकाशांवर ‘के. टी. वेअर’ अशी अक्षरं असायची, ती बोलता बोलता ‘केटी’ झाली. मराठवाड्यात कित्येक गावांत ‘केटी’ हा स्वतंत्र शब्दच होऊन बसलाय, त्यात कोल्हापूर दडलंय हे कुणाच्या ध्यानातही नसतं. तिन्ही नावं एकाच वस्तूची आहेत.

आता ‘कोल्हापुरी’ या विशेषणाकडं बघू. गावाच्या नावाला ‘ई’ लावून आपण विशेषण करतो, पण प्रत्येक ठिकाणी ते एकच गोष्ट सांगत नाही. ‘कोल्हापुरी गूळ’ म्हटलं की तो इथल्या उसाचा, इथल्या गुऱ्हाळात शिजलेला गूळ. तिथं विशेषण मूळ गाव सांगतं, आणि दुसरीकडचा गूळ त्या नावानं विकला तर ती फसवणूक होते. ‘कोल्हापुरी साज’ मात्र पुण्याच्या सोनारानं घडवला तरी कोल्हापुरीच, कारण तिथं विशेषण घडण सांगतं. चपलेचं या दोन्हींच्या मधलं आहे. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. म्हणजे अथणी-निपाणीकडच्या कारागिरानं केलेली चप्पलही कायद्यानं कोल्हापुरी ठरते. बंधाऱ्याची जात साजाची. जालन्यात, धुळ्यात, विदर्भात कुठंही असो, घडण तीच असेल तर तो कोल्हापुरी. आणि कोल्हापूर शहराला लागून असला पण घडण वेगळी असली तर तो कोल्हापुरी नाही.

मग ही घडण कोणती? एका वाक्यात सांगायचं तर नदीचं पात्र पावसाळ्यात मोकळं ठेवणारा आणि पावसाळा सरल्यावर बंद करता येणारा बंधारा. नदीत ओळीनं दगडी किंवा काँक्रीटचे पिअर, म्हणजे खांब, उभे असतात. दोन पिअरमधला गाळा साधारण दोन मीटरचा. पिअरच्या दोन्ही अंगांना उभ्या खाचा असतात, त्यात एकावर एक आडव्या फळ्या बसवतात. या फळ्या म्हणजे बरगे. जुन्या बंधाऱ्यांत लाकडी बरग्यांच्या दोन ओळी घालायच्या आणि मधल्या पोकळीत चिकण माती ठासून भरायची, म्हणजे गळती कमी होई. नंतर लोखंडी बरगे आले, रबरी पट्टी आली. वरून बहुतेक ठिकाणी स्लॅब असतो. त्यावरून बैलगाडी जाते, ट्रॅक्टर जातो, शाळेची पोरं सायकलवरून जातात.

पाणी अडतं ते पात्रातच, दोन काठांच्या आत. त्यामुळं कुणाची जमीन बुडत नाही, भूसंपादन लागत नाही, गाव उठवावं लागत नाही. पुरात सगळे गाळे उघडे असल्यानं गाळ वाहून जातो, साठत नाही. धरण आणि हा बंधारा यांतला सगळ्यात मोठा फरक हाच, पण नावात तो दिसत नसल्यानं लोक दोघांना एकाच मापानं मोजतात.

ही घडण कोल्हापुरातच का रुजली, हे समजून घ्यायला नद्या बघाव्या लागतात. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या सह्याद्रीतून उतरतात आणि चिखलीजवळच्या प्रयागला पंचगंगा होते. तिथून ती नृसिंहवाडीला जाऊन कृष्णेला मिळते. पावसाळ्यात या नद्या अफाट वाहतात आणि मार्चपर्यंत पार आटतात. काठ उंच, खोऱ्याची जमीन चढउताराची. शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरीचं धरण हाती घेतलं. १९१८ च्या सुमाराला थांबलेलं ते काम राजाराम महाराजांच्या काळात १९३९ ला पुन्हा सुरू झालं आणि स्वातंत्र्यानंतर पुरं झालं. सव्वाआठ टीएमसीच्या आसपास पाणी धरणारं हे धरण, पण त्याला शेतापर्यंत जाणारे लांबलचक कालवे नाहीत. धरणातलं पाणी नदीतच सोडायचं, नदीनंच ते खाली न्यायचं, जागोजागी बंधाऱ्यांनी अडवायचं आणि शेतकऱ्यांनी काठावर मोटारी बसवून वर उचलायचं. कालव्याचं काम इथं नदीच करते. बंधाऱ्यांची साखळी नसती तर राधानगरीतून सोडलेलं पाणी ऊस न भिजवताच कृष्णेत गेलं असतं.

म्हणून आमच्याकडं बंधारा एकटा नसतोच. वर धरण, खाली बंधाऱ्यांची रांग आणि काठावर उपसा, अशी ती व्यवस्था आहे. उन्हाळ्यात धरणातून आवर्तन, म्हणजे ठरल्या पाळीचं पाणी, सुटतं, वरचा बंधारा भरला की त्यावरून सांडून खालचा भरतो. वरच्या गावांनी उपसा चालूच ठेवला तर शेवटच्या बंधाऱ्यापर्यंत पाणी पोचत नाही, म्हणून मग उपसाबंदी जाहीर होते. ‘उपसाबंदी’ हा शब्द तुमच्या भागात फारसा कानावर पडत नसेल. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये पेपरात तो रोजच्या भाजीच्या दरासारखा वाचायला मिळतो.

आता एक उदाहरण सांगतो, त्यात या विशेषणाचा सगळा अर्थ आहे. जुलैमध्ये जोराचा पाऊस लागला की जिल्ह्याच्या बातमीत ठरलेलं वाक्य येतं: पंचगंगेवरचे शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ, भोगावतीवरचे हळदी, राशिवडे, सरकारी कोगे, खडक कोगे इत्यादी बंधारे पाण्याखाली. बाहेरगावचे नातेवाईक घाबरून फोन करतात, “अहो, तुमचे एवढे बंधारे बुडाले?” त्यांना वाटतं काहीतरी फुटलं, वाहून गेलं. खरं तर कोल्हापुरी बंधारा पावसाळ्यात पाण्याखाली जावा असाच बांधलेला असतो. बरगे काढलेले असतात, पूर गाळ्यांतून आणि वरून निघून जातो, आणि पाणी ओसरलं की बंधारा होता तसा उभा. पाण्याखाली जाणं ही त्याची रीत आहे. अडचण होते ती वाहतुकीची, कारण वरचा रस्ता बंद होतो आणि पलीकडच्या गावाला वळसा घालून जावं लागतं. त्या बातमीचा खरा अर्थ एवढाच. ‘बंधारा पाण्याखाली’ आणि ‘बंधारा वाहून गेला’ ही दोन वाक्यं आमच्याकडं कुणी कधी एकमेकांच्या जागी वापरत नाही.

राजाराम बंधारा तर आता बंधारा कमी आणि पूर मोजायची पट्टी जास्त झालाय. कसबा बावड्याचा हा बंधारा. तिथं ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका पातळी. २०१९ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं, २०२१ ला त्याहून थोडं जास्तच. कोल्हापुरात पावसाळ्यात “कितीवर आलंय?” असं विचारलं की पुढं ‘पाणी’ही म्हणावं लागत नाही आणि ‘राजाराम’ही. ऐकणाऱ्याला कळतं.

या घडणीत जीव आहे तो बरग्यांत. पिअर शंभर वर्षं उभे राहतील, पण बरगे वेळेवर घातले नाहीत तर तो बंधारा म्हणजे नदीत रोवलेल्या खांबांची नुसती रांग. परतीचा पाऊस ओसरला, नदीची पातळी उतरली की ऑक्टोबरात बरगे घालायचे. उशीर झाला की वाहतं पाणी खाली निघून जातं. पावसाळा तोंडावर आला की काढायचे. काढायला उशीर झाला तर पाण्याला मधून वाट मिळत नाही, ते कडेनं वाट काढतं आणि काठाचा भराव खणून नेतं. मी एकदा ते डोळ्यांनी बघितलंय. जूनच्या पहिल्या आठवड्यात अचानक नदी चढली. त्या बंधाऱ्याचे निम्मे बरगे अजून खाचांतच होते, कारण काढायच्या मजुरीचा कागद टेबलावर अडकला होता. रात्रभरात डावीकडचा भराव गेला. सकाळी बंधारा जागच्या जागी धड उभा, आणि नदी त्याच्या शेजारून नवीन वाटेनं निघालेली. ज्यांची शेतं त्या वाटेत होती त्यांच्या बांधावर उभं राहून बोलायला मला शब्द सापडले नाहीत. एका म्हाताऱ्यानं फक्त एवढंच विचारलं, “सायेब, बरगं कुनी काडायचं हुतं?”

तेव्हापासून मी प्रत्येक अंदाजपत्रकात ‘बरगे घालणे व काढणे’ ही बाब वेगळ्या ओळीत लिहायला लागलो. पूर्वी ती ‘देखभाल’ या मोघम शब्दात गेलेली असायची. मोघम शब्दातली मजुरी सगळ्यात आधी कापली जाते.

आता तुमच्या भागाबद्दल, कारण तिथं हे विशेषण थोडं फसवं ठरलं आहे. मराठवाड्यात कोल्हापुरी बंधारे पुष्कळ बांधले गेले. घडण नेली, पण तिच्या मागची व्यवस्था सगळीकडं नेता आली नाही. आमच्याकडं वर धरण आहे. एखाद्या वेळी ऑक्टोबरात बरगे घालायला आठ दिवस उशीर झाला तरी पुढच्या आवर्तनात बंधारा भरतो. तुमच्या नदीवर वर धरण नसेल तर सप्टेंबरअखेरचे थोडेच दिवस हाती असतात. त्यात बरगे घातले नाहीत तर पुढचं वर्षभर बंधारा कोरडा. घाई करून लवकर घालावेत, तर परतीचा एखादा मोठा पाऊस येऊन दणका देतो. शिवाय लोखंडी बरगे चोरीला जाण्याचं दुखणं सगळीकडं आहे. नदीकाठच्या शेडमध्ये रचून ठेवलेले बरगे भंगारात जातात आणि पुढच्या वर्षी गावाला कळतं की खाचा आहेत, घालायला काही नाही. लातूरकडं मांजरा नदीवर यांत्रिक दरवाजांचे बॅरेज उभे राहिले, त्यामागं हे अनुभव होते. बॅरेजचे दरवाजे वर उचलता येतात, एकेक फळी हातानं काढावी लागत नाही. पण बॅरेजला वीज लागते, यंत्राची निगा लागते, प्रशिक्षित माणूस लागतो. प्रस्तावात ‘बरग्यांऐवजी दरवाजे’ असं सहज लिहून टाकण्याआधी गावानं हा खर्च कोण उचलणार ते ठरवावं.

नावांच्या गोंधळात आणखी काही शब्द मिसळतात, तेही सांगून ठेवतो. ‘सिमेंट नाला बंधारा’ ही नाल्यातली काँक्रीटची पक्की भिंत असते, तिला काढायचं-घालायचं काही नसतं. जास्तीचं पाणी भिंतीवरून जातं आणि गाळ मागं साठतो. इथं विशेषण बांधकामाचं साहित्य आणि जागा सांगतं. ‘पाझर तलाव’ यात विशेषण उद्देश सांगतं, की पाणी मुरावं. ‘वळवणीचा बंधारा’ पाणी साठवायला नसतो, ते वळवून पाटात घालायला असतो. ‘वनराई बंधारा’ म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू-माती भरून लोकांनी श्रमदानानं रचलेला, एका हंगामापुरता. ‘कोल्हापुरी’ या शब्दाचं वेगळेपण हे की तो साहित्य सांगत नाही, उद्देश सांगत नाही, तर वापरायची रीत सांगतो. हे पद आज नव्यानं पडलं असतं तर लोक ‘कोल्हापूर पॅटर्न’ म्हणाले असते, जसं बारावीच्या निकालाला ‘लातूर पॅटर्न’ आणि नाला खोलीकरणाला ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणतात. मला जुनं ‘पद्धत’च जास्त आवडतं. पॅटर्न आराखड्यात दाखवता येतो, पद्धत मात्र दरवर्षी पाळावी लागते.

हे सगळं इतकं लांबण लावून सांगायचं कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या माणसाबरोबर दुसऱ्या जिल्ह्यात गेलो होतो. रस्त्याकडेच्या फलकावर ‘कोल्हापुरी बंधारा दुरुस्ती’ असं ठळक लिहिलं होतं, म्हणून गाडी थांबवून खाली उतरलो. पिअर होते, खाचाही दिसत होत्या, पण सगळे गाळे काँक्रीट ओतून कायमचे बुजवून टाकलेले. बरगे चोरीला जातात आणि घालायला माणूस मिळत नाही, म्हणून केलेला हा उपाय. मागं बघितलं तर पात्र गाळानं जवळजवळ भिंतीच्या माथ्यापर्यंत भरलेलं, पाणी गुडघाभर. फलकावरचं ‘कोल्हापुरी’ त्या दिवशी माझ्या जिवाला फार लागलं. शब्द आमच्या गावाचा, आणि ज्या एका गोष्टीसाठी तो पडला तीच बुजवलेली. त्या गावाची अडचण खोटी नव्हती, हेही सांगतो. पण ते काम ‘कोल्हापुरी बंधाऱ्याची दुरुस्ती’ नव्हतं, त्याचं रूपांतर पक्क्या बंधाऱ्यात केलं होतं, आणि फलकावर तसं लिहायला हवं होतं. पाच वर्षांनी कुणीतरी कागद बघून तिथं बरग्यांसाठी निधी मागेल आणि तो निधी कशावर खर्च होईल कुणास ठाऊक.

व्याकरणाचं थोडक्यात सांगतो. कोल्हापूर लिहिताना ‘पू’ दीर्घ, पण पुढं ‘ई’ लागली की तो ऱ्हस्व होतो. म्हणून ‘कोल्हापुरी’. जसं नागपूर-नागपुरी, सोलापूर-सोलापुरी. ‘कोल्हापूरी’ चूक आहे, मग ते कितीही दुकानांच्या पाट्यांवर दिसो. ‘कोल्हापुरी’ हे विशेषण नामाबरोबर बदलत नाही: कोल्हापुरी बंधारा, कोल्हापुरी बंधारे, कोल्हापुरी बंधाऱ्यावर. ‘कोल्हापूर पद्धतीचा’ मात्र बदलतं: पद्धतीचा बंधारा, पद्धतीचे बंधारे, पद्धतीच्या बंधाऱ्यावर. सरकारी कागदांत ‘कोल्हापूर पद्धतीचे बंधाऱ्याचे काम’ अशी जुनी वाक्यरचना सापडते. आता ‘पद्धतीच्या बंधाऱ्याचे’ असंच लिहा. ‘बंधाऱ्याचे’ यात ‘र’ला ‘य’ जोडताना आडवी रेघ येते, ‘बंधार्याचे’ असं टंकू नका.

प्रस्तावात मी ‘कोल्हापूर पद्धतीचा (को.प.) बंधारा’ असं पहिल्यांदा पूर्ण लिहिलं असतं आणि पुढं नुसतं ‘को.प. बंधारा’. ग्रामसभेच्या ठरावात ‘कोल्हापुरी बंधारा’ चालेल, लोकांना तोच शब्द कळतो. ‘केटी’ बोलण्यात राहू दे, कागदावर नको. सिंचनक्षेत्राच्या मर्यादेनुसार हे काम जलसंपदेकडं जातं की मृद व जलसंधारणाकडं ते ठरतं, आणि ६०० हेक्टरपर्यंतची कामं जलसंधारणाकडं असतात. तेव्हा बंधाऱ्याचं मूळ मंजूर क्षेत्र जुन्या कागदात शोधून प्रस्तावात लिहा, नाहीतर फाईल दोन खात्यांत फिरत राहील.

तुम्ही पाठवलेली ओळ अशी होती: ‘गावाजवळील कोल्हापूरी बंधार्याची दुरुस्ती करून मिळणेबाबत.’ ती मी अशी लिहीन: ‘मौजे … येथील नदीवरील कोल्हापूर पद्धतीच्या (को.प.) बंधाऱ्याच्या … गाळ्यांसाठी नवीन बरगे पुरविणे, खाचांची व काठाच्या भरावाची दुरुस्ती करणे आणि दरवर्षी बरगे घालणे व काढणे यासाठी तरतूद करणेबाबत.’ रिकाम्या जागी गावाचं नाव आणि गाळ्यांची संख्या घाला. ती संख्या कागदावरून घेऊ नका, नदीत उतरून मोजा. उतरलात की पिअरच्या दोन्ही बाजूंच्या खाचांतून हात फिरवून बघा. खाच मोकळी असेल तर वरची ओळ जशीच्या तशी वापरा. काँक्रीटनं बुजवलेली सापडली, तर ‘दुरुस्ती’ हा शब्द काढून आधी गाळे मोकळे करण्याची मागणी करा.